वाटेत राहिलेली म्हैस

सुमंत मगदूमची म्हैस वडगावच्या बाजारातनं निघायची, नदी उतरायची आणि अमेरिकेतल्या पार्सिपनीच्या स्टेजवर येऊन थांबायची. दरसाल. तिथनं पुढं तिला कुणी जाऊच दिलं नाही.

म्हैस गाण्यातली, पण घडलेली गोष्ट खरी. त्याच्या बापानं ती बाजारात विकली होती आणि नव्या मालकाचं दावं तोडून ती आपली आपण घरी आली होती. सुमंतनं त्यावर गाणं रचलं, इंग्रजीत, कंट्री म्हणजे तिकडच्या खेड्यातल्या गाण्यांच्या चालीवर, गिटारवर. कोल्हापूरकडच्या गड्यानं अमेरिकेत येऊन कंट्री गावं, हे अजून कुणाच्या घशाखाली उतरलेलं नाही. त्याला त्याचं काय? पेनसिल्व्हेनियात स्टेट कॉलेज नावाच्या गावी शिकत असताना गावाबाहेरच्या एका बारमध्ये तो पहिल्यांदा शिरला, तेव्हा शेणानं भरलेले बूट घातलेली माणसं ट्रकवर, कुत्र्यावर, मेलेल्या बापावर गाणी म्हणत होती. ह्यात आपली म्हैस बसंल, एवढंच त्याच्या डोक्यात आलं.

पुढं पार्सिपनीत नोकरी, लग्न, सगळं झालं. पण शनिवार आला की पिकअपमध्ये स्पीकर टाकून हा पेनसिल्व्हेनियाच्या डोंगरात. कुठं बार, कुठं जत्रा. डेल नावाचा एक बारवाला म्हणाला, "डोक्याला फेटा बांधून ये, गर्दी खेचू."

"फेटा आमच्यात लग्नाला बांधतात, गुत्त्यात न्हाई," असं मराठीतच सुनावून सुमंत निघाला, तो परत त्या दारात गेला नाही. दुसऱ्या बारवाल्यानं पाटीवर त्याचं नाव 'सॅम' करून टाकलं. एका जत्रेत मात्र एका गवळ्यानं गाणं शेवटपर्यंत ऐकलं आणि एकच विचारलं, "दुधाला फॅट किती लागायचं?" एवढी दाद त्याला आपल्या माणसांनी कधी दिली नव्हती.

आपल्या माणसांना हवे होते त्याचे स्पीकर. पार्सिपनीच्या मराठी मंडळाचा गणपती आला की सुमंतनं मिक्सर आणायचा, वायरी टाकायच्या, माइक लावायचे; बदल्यात पाहुण्या कलाकाराआधी एक गाणं. मंडळाची रीतच तशी. इथला गायक म्हणजे पुण्याच्या पाहुण्याचा मेकअप होईस्तोवर खुर्च्या धरून ठेवणारा माणूस. म्हैस नदीत उतरली की कुणीतरी माइकवर यायचं. कधी पार्किंगमध्ये पांढरी गाडी आडवी लागलेली असायची, कधी पुऱ्या तळून तयार असायच्या.

यंदा त्यानं मृणालिनीकाकूंना आधीच गाठलं. काकू निवृत्त डॉक्टर, कार्यक्रम सगळा त्यांच्या हातात. "काकू, या वर्षी पूर्ण म्हणणार. नाहीतर आत्ताच सांगा."

"प्रॉमिस, सुमंत! एकही कडवं कापणार नाही."

कार्यक्रमाच्या दिवशी म्हैस निघाली. नदी आली. म्हशीनं पाय पाण्यात घातला आणि बाजूनं काकूंचा आवाज आला, "वा, वा, सुमंत! मंडळी, आनंदाची बातमी. आपले पाहुणे तयार आहेत!" लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्या पाहुण्यासाठी होत्या.

गिटार खांद्यावर टाकून सुमंत खाली उतरला, मिक्सरपाशी गेला आणि प्लग उपटला. जरीच्या कुर्त्यातला पाहुणा स्टेजवर येऊन नुसतेच ओठ हलवायला लागला. सुमंत वायर कोपराला गुंडाळत होता.

त्याची बायको रुचा धावत आली. "सुमंत, सीन नको करूस यार. सगळे बघतायत."

"बघू देत. ऐकत तर कुणीच न्हाई."

मागनं काकू आल्या, धापा टाकत. "अरे, पाहुणे आहेत ते! काय वाटेल त्यांना?"

"माझी म्हैस नदीत हाय, काकू. ती घरी पोचल्याबगर एक वायर लागणार न्हाई."

"बरं, मग शेवटचं कडवं म्हणून टाक पटकन."

"मधनंच कशी पोचंल? बाजारापास्नं निघंल. आणि त्यो दुसरा माइक माझ्याकडं द्या."

काकूंनी दिला. सुमंतनं तो खिशात खोचला, प्लग लावला, पाहुण्याला "बसा पाव्हणं" म्हणाला आणि बाजारापासनं सुरुवात केली. गायला काही गोड नाही. आवाज फाटला, तारा कडाकडा वाजल्या, रागात म्हशीला तो जवळजवळ पळवतच होता. पुऱ्या गार झाल्या. पण नदी ओलांडली, चढण चढली, आणि म्हैस दारात येऊन रेकली.

टाळ्या पडल्या, बेताच्याच. सुमंत खाली येऊन मिक्सरमागं बसला आणि पाहुण्याचा आवाज त्यानं चोख लावून दिला. धंद्यात तो लबाडी करत नाही. काकूंना मात्र तेवढ्यातच सांगितलं, "पुढच्या साली स्पीकर भाड्यानं आणा."

"इतका राग?"

"व्हय. इतका."

जेवणाच्या रांगेत चारुदत्तकाका भेटले. मंडळ काढलं तेव्हापासनंचे, दरसाल पहिल्या ओळीत बसणारे. हातात ताट धरून म्हणाले, "म्हणजे ती परत आली होय रे? मला आपलं इतकी वर्षं वाटत होतं, नदीतच मेली."

"तुमीच मारत हुता, काका," सुमंत म्हणाला आणि गार पुरी ताटात आपटून पुढं सरकला.