जगदेवचा एकुलता एक विरोधी वाचक

आमच्या गावात सल्ला फुकट मिळतो. जगदेव तोच इंटरनेटवर टाकून जगाला फुकट वाटतो. त्याच्या ब्लॉगचं नाव ‘कडू कारलं’. नाव त्याचं, खटपट माझी. कामरगावला जाणारी जीप जिथे भरते तिथे माझं झेरॉक्सचं दुकान आहे. एका दुपारी गिऱ्हाईक नव्हतं, जगदेव होता आणि माझी मती फिरली होती, म्हणून मी त्याला ब्लॉग काढून दिला. तेव्हापासून तालुक्यातली लोकशाही बळकट झाली, असं जगदेव म्हणतो. माझी खुर्ची मात्र खिळखिळी झाली, कारण तिच्यावर बसूनच तो ती बळकट करतो.

जगदेव माणूस वाईट नाही. थोडी कोरडवाहू जमीन, मोऱ्या नावाचा एक बैल, प्रयागबाई नावाची बायको आणि असंख्य मतं, एवढा त्याचा संसार.

गावात दोन पक्ष. त्यांची नावं मी घेणार नाही, मला दुकान चालवायचं आहे. जगदेवच्या पक्षाला आपण वरचा म्हणू, दुसऱ्याला खालचा. खरं तर वर-खाली असं काही नाही. दोन्हीकडचे पुढारी निवडणूक आली की इकडून तिकडे उड्या मारतात, मतदार बिचारे जिथल्या तिथे इमानाने उभे. वरच्या पक्षाने गावात पाण्याची टाकी बांधली, तिच्यात पाणी येत नाही. खालच्या पक्षाने रस्ता केला, तो दिसत नाही. ‘कडू कारलं’ त्या रस्त्यावर आठवड्याला एक लेख लिहायचं. टाकीवर आजवर एक ओळ नव्हती.

हे सगळं वाचायचं कोण? वरच्या पक्षाचे लोक. जगदेवने लिहायचं की खालच्यांनी गाव बुडवलं, आणि यांनी लेखाखाली अंगठे टेकवायचे की हो हो, बुडवलं. आरतीला टाळ्या वाजवणारे जसे आधीचेच भाविक असतात, तसा प्रकार. पण जगदेवची ठाम समजूत की आपण मतपरिवर्तन करतोय. कोणाचं, ते विचारायची सोय नव्हती.

प्रयागबाईने एकदा विचारलं. माझ्यासमोरच म्हणाली, “ज्यायले पटलंच हाय त्यायलेच कायले पटवून राह्यले तुमी? घरी मी एक हावो, मले तं अजून पटलं नाही.”

“तू राजकारन वाचत नाही,” जगदेव म्हणाला.

“तुमी सैपाक करत नाही, पन वांग्याले नाव ठेवताच ना?” असं म्हणून ती निघून गेली. त्या आठवड्याचा लेख महागाईवर आला आणि त्यात वांग्याचा उल्लेख टाळला होता.

वाईट एवढ्याचंच वाटतं की हाच जगदेव एके काळी गावातला पहिल्या नंबरचा झडतीवाला होता. आमच्याकडे पोळ्याला तोरणाखाली सजवलेले बैल उभे राहतात, वाजंत्री थांबते आणि कोणीतरी पुढे होऊन झडती म्हणतो. झडती म्हणजे चार ओळींचा चांगला खरपूस टोमणा. शेवटी त्याने ‘एक नमन गौरा पारबती, हर बोला’ म्हटलं की साऱ्या गावाने ‘हर हर महादेव’ म्हणून उठवायचं. झडती जमली की फसली, ते त्या महादेवावरून कळतं. जगदेव तेव्हा कोणालाच सोडायचा नाही. वरचा, खालचा, सरपंच, स्वतःचा सासरा, सगळे एका दावणीला. ज्याच्यावर झडती पडायची तोच सगळ्यात मोठ्याने महादेव म्हणायचा, कारण गप्प राहिला तर आणखी एक पडायची. पण ब्लॉग निघाला आणि जगदेव विचारवंत झाला. विचारवंताने तोरणाखाली उभं राहून ओरडायचं असतं का? त्याने झडत्या सोडल्या.

आता धनराज. जगदेवच्या बांधाला बांध लागून त्याचं वावर, आणि पक्ष खालचा. त्याच्याकडेही एकच बैल, कबऱ्या. दोघांचे बाप होते तेव्हापासून या दोन घरांची सावड चालत आलेली. याचा एक बैल, त्याचा एक, मिळून जोडी. आज याच्या वावरात डवरा, म्हणजे कोळपं, चालला की उद्या त्याच्या. मोऱ्या तर दुसऱ्या कुठल्याही बैलाशेजारी जुवाला खांदा देत नाही, तिथेच बसकण मारतो. डवरणीच्या दिवसांत हे दोघे पक्ष विसरून बांधावर एका डब्यात जेवायचे.

धनराजचा फोन साधा, बटनांचा. दर बाजाराच्या दिवशी तो माझ्या दुकानात यायचा, स्टूल ओढायचा आणि म्हणायचा, “लाव त्याचं कारलं.” मी कॉम्प्युटरवर लावून द्यायचो. तो ओठ हलवत अख्खा लेख वाचायचा, ओळ न ओळ, आणि काही न बोलता उठून जायचा. ब्लॉगला विरोधी पक्षातला वाचक म्हणाल तर हा एवढाच.

जगदेवला कळलं तेव्हा तो फुलला. “काय म्हने, गणेशभाऊ?”

“काही नाही म्हणत.”

“काही नाही म्हंजे पटून राह्यलं! पटल्याशिवाय मानूस येते का वाचाले?”

झालं. त्या दिवसापासून जगदेवला वाशीम जिल्हा नको, महाराष्ट्र नको, फक्त धनराज पाहिजे. धनराज पटला की आपलं लिहिणं सार्थकी लागलं, असं त्याने डोक्यात घेतलं. मग लेखांना धार चढायला लागली. धनराज येतो, वाचतो, पण मत काही बदलत नाही, म्हणून धार आणखी चढली. लागू न पडणाऱ्या औषधाचा डोस वाढवत जाणारे डॉक्टर आपण पाहिलेत, त्यातला हा प्रकार. शेवटी श्रावणात त्याने लिहिलं: ‘बैलाले तरी आपला कासरा कोनाच्या हाती हाय ते कयते. माह्या बांधाले लागून एक मतदार हाय, त्याले तेही कयत नाही.’

अंगठ्यांचा पाऊस पडला. वरच्या पक्षाच्या ग्रुपवर जगदेवला ‘वऱ्हाडची बुलंद तोफ’ ही पदवी मिळाली.

बाजाराच्या दिवशी धनराज आला. वाचता वाचता त्याचे ओठ थांबले. “गणेश, त्याच्या बांधाले लागून कोनाचं वावर हाय गा?”

मी प्रिंटरमध्ये कागद घालायला लागलो. प्रिंटरमध्ये कागद होते.

“माह्यंच ना?” तो म्हणाला. आवाज चढला नाही, तेच मला लागलं. “सांग त्याले, पोयाले कबऱ्या वेगया उभा राहीन. पोया झाला का सावड मोडली.”

मला राहवलं नाही. “मग तुम्ही वाचता तरी कायले? पटत तं नाही.”

धनराजने स्टूल मागे सारलं. “मी एकच पाहाले येतो. एखाद्या रोजी तरी तो आपल्या पक्षाच्या टाकीबद्दल लिहिते का. टाकीबद्दल खरं लिहीन, तं रस्त्याबद्दल जे लिहिते तेही खरं असन, असं म्या धरलं होतं. रस्ता खराब हाय हे मले काय दिसत नाही? माही सायकल त्याच रस्त्यानं जाते.”

मी जगदेवला हे जसंच्या तसं सांगितलं. आधी तो ऐटीत म्हणाला, “झोंबलं. झोंबलं म्हंजे पोचलं.”

“पोचलं,” मी म्हणालो, “आणि जाताना बैल घेऊन गेलं.” मला खरंच राग आला होता. “अरे, एक माणूस तुझं मन लावून वाचत होता आणि त्यालाच तू बैलाच्याही खाली घातलंस. टाकीबद्दल चार ओळी लिहिल्या असत्या तर हात झडले असते?”

“आपल्याच पक्षाले शिव्या? मंग आपले लोक काय म्हनतीन?”

“तुले धनराज पटवायचा होता का आपले लोक?”

बुलंद तोफ खुर्चीवरून उठून घरी गेली.

पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांची खांदमळणी असते. खांद्याला हळद-लोणी चोळायचं आणि म्हणायचं, आज आवतन घ्या, उद्या जेवाले या. या दोन घरांत ती नेहमी एकाच अंगणात व्हायची. जगदेव वाटीत लोणी-हळद घेऊन धनराजच्या दारी गेला. धनराजची बायको रुपाबाई दारातच म्हणाली, “ते वावरात गेले.” धनराजच्या चपला तिच्या पायाजवळच होत्या. जगदेव वाटी घेऊन परत आला. प्रयागबाई म्हणते, त्या दिवशी तो जेवला नाही. त्या आठवड्याचा लेखही आला नव्हता, त्यावरून मला ते खरं वाटतं.

पोळ्याला तोरणाच्या एका टोकाला मोऱ्या एकटा, दुसऱ्या टोकाला कबऱ्या एकटा. बाकी सगळ्या जोड्या. साऱ्या गावाच्या माना इकडून तिकडे फिरत होत्या. वाजंत्री थांबली आणि वरच्या पक्षाची पोरं ओरडली, “तोफ! तोफ पुढं!” जगदेवला ढकलून पुढे काढलं. त्याने सवयीप्रमाणे ब्लॉगच झडतीत घातला:

“खालच्या पक्षानं केला कहर,
गावाले पाजलं गोडगोड जहर,
एक नमन गौरा पारबती, हर बोला!”

अर्ध्या गावाने महादेव म्हटलं. उरलेलं अर्धं गाव बैलांच्या झुली नीट करत राहिलं. असा अर्धवट महादेव मी जन्मात ऐकला नव्हता. जगदेवनेही नव्हता. त्याचा चेहरा उतरला. झडतीवाल्याला शिव्या पचतात, गप्प बसलेलं गाव पचत नाही. त्याने दुसऱ्या टोकाला पाहिलं. धनराज कबऱ्याच्या शिंगाची बेगड उगाच दाबत होता.

मग जगदेवने टोपी सरळ केली आणि जुना, ब्लॉगच्या आधीचा आवाज काढला:

“नेता आमचा लय मोठा दानी,
टाकी बांधली खानदानी,
फीत कापाले आली राजधानी,
टाकीत मात्र टँकरचं पानी!”

क्षणभर कोणाला कळेचना, हा आपला की त्यांचा. जगदेव थांबला नाही:

“जगदेवनं लिहिलं बसून-बसून,
आपलेच वाचे हासून-हासून,
एकच वाचे दुरून-दुरून,
त्याचाच बैल गेला सोडून!
एक नमन गौरा पारबती, हर बोला!”

महादेव असा उठला की दोन गोऱ्हे दावं तोडून पळाले. वरच्या पक्षाच्या पोरांनी तेवढं तोंड उघडलं नाही. धनराजने मान खाली घालून, पण मोठ्याने महादेव म्हटलं. मग तो कबऱ्याला घेऊन सगळ्यांसमोरून चालत आला, मोऱ्याच्या शेजारी उभा राहिला आणि गावाकडे तोंड करून म्हणाला, “अर्धं त्याचं झालं, अर्धं माह्यं:

आमच्या नेत्यानं केला रस्ता,
पहिल्या पान्यानं केला त्याचा नाश्ता!”

या महादेवाचं मी वर्णन करत नाही. जगदेव रडत होता आणि डोळ्यात धूळ गेली म्हणत होता. नुकताच पाऊस पडून गेलेला, गावात धूळ औषधाला नव्हती.

पुढचं मतपरिवर्तन ऐका. जगदेवने स्वतःची आणि धनराजची, दोन्ही झडत्या ‘कडू कारलं’वर टाकल्या. त्याच संध्याकाळी वरच्या पक्षाने त्याला ग्रुपमधून काढलं. बुलंद तोफ विकली गेली असं ठरलं. किती रुपयांना, यावर ग्रुपमध्ये मतभेद आहेत. वाचक गळत गेले, आणि उरला तो स्टुलावर बसून ओठ हलवणारा एक. आता तो वाचून झाल्यावर बोलतो, आणि जगदेवला मान खाली घालून ऐकावं लागतं.

हिवाळ्यात निवडणूक झाली. दुसऱ्या दिवशी दोघं दुकानात होते. जगदेव किती तरी वेळ घोटाळत राहिला आणि मग म्हणालाच, “धनराज, कोनाले देल्लं?”

“आमच्यालेच देल्लं,” धनराज म्हणाला. “पन तुह्या लेखातला तो रस्ता आठवला. बटन दाबाले मले जरा येळ लागला.”

जगदेव खुर्चीतून उठला. खुर्ची कुरकुरली. “किती येळ?”

धनराजने आठवून पाहिलं. “मांगचा मानूस खाकरला, इतका.”

जगदेवने आम्हा दोघांना चहा पाजला, तोही स्वतःच्या पैशाने. मी त्याला इतकी वर्षं ओळखतो, हे पहिल्यांदाच घडलं.