देवाचा वाटा मागणाऱ्या मार्थासिस्टर

मार्थासिस्टर कुणाच्याही घरी गेल्या की आधी स्वयंपाकघरात डोकावायच्या. नवा फ्रिज, नवा मिक्सर दिसला की मनापासून कौतुक करायच्या, चहा घ्यायच्या आणि कप खाली ठेवता ठेवता म्हणायच्या, "घराचं वाढलं, छान झालं. आता देवाचं कधी वाढवताय?"

त्या सरकारी इस्पितळातून निवृत्त झालेल्या नर्स. लग्न केलं नव्हतं. नेरूळला आमच्याच बिल्डिंगमध्ये तळमजल्यावर एकट्या राहायच्या. नव्वदच्या दशकात आमची मराठी मंडळी एका शाळेच्या हॉलमध्ये उपासनेला जमायची. बहुतेक जण नगर-जालन्याकडून नोकरीसाठी आलेले. स्वतःचं चर्च बांधायचं सगळ्यांच्या मनात होतं, पण हात आखडता होता. म्हणून आमच्या धर्मगुरूंनी, पाळकसाहेबांनी, वर्षातला एक रविवार दानाचा आढावा घेण्यासाठी ठेवला आणि त्याआधी घरोघर जाण्याचं काम सिस्टरांवर सोपवलं. त्यांचे गुडघे दुखायचे, म्हणून मी सोबतीला जायची.

लोक त्यांना टाळायचे आणि आजारी पडले की त्यांनाच बोलवायचे. माझ्या सासूबाईंच्या ऑपरेशनच्या वेळी त्या इस्पितळात चार रात्री खुर्चीवर बसून होत्या. "माझी पेन्शन आली की आधी देव, मग वाणी," असं त्या सांगायच्या, आणि तसंच वागायच्या. त्यामुळे त्यांच्यापुढे कुणाला तोंड वर करून बोलता येत नसे.

त्या वर्षी आम्ही विश्वास साळवेंच्या घरी गेलो. ते ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एका केमिकल कंपनीत होते. बायको सुलभा, दोन मुली. सुलभाने चहा दिला. कोरा होता.

"विश्वास, तीन वर्षं तुझं दान आहे तिथंच आहे," सिस्टर म्हणाल्या. "कंपनीने पगार वाढवला नाही, असं तर नाही ना?"

विश्वास काहीतरी बोलणार होते. त्यांनी सुलभाकडे पाहिलं आणि नुसते हसले. "बघतो, सिस्टर."

"बघतो नको. देवाला उरलंसुरलं वाढायचं नसतं."

रविवारी सगळ्यांसमोर विश्वास उठले आणि दुप्पट दान देईन म्हणाले. आम्ही टाळ्या वाजवल्या. सिस्टरांच्या डोळ्यांत पाणी आलं.

काही महिन्यांनी आम्ही दोघी खाडीकाठच्या दिवाळे गावात मासळी आणायला गेलो होतो. धक्क्यावर बर्फाच्या लाद्या डोक्यावरून वाहणारा माणूस आमच्याकडे पाहून एकदम पाठमोरा झाला. सिस्टरांनी हाक मारली, "विश्वास?" तो थांबला नाही.

मासळीवाली म्हणाली, "त्याला वलखता? लई चांगला मानूस हाय. कंपनी बंद जाली ना त्याची, वरीस व्हईल आता. तवापासून हितंच हाय."

सिस्टर मासळी न घेताच निघाल्या. रिक्षात त्या एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होत्या, "वर्ष झालं. म्हणजे मी दान मागायला गेले तेव्हासुद्धा."

आम्ही तशाच साळवेंच्या घरी गेलो. सुलभाने दार उघडलं. सिस्टरांनी उंबऱ्यातच विचारलं, "मग दान कुठून देत होतीस गं?"

"मुलींचं दूध बंद केलं, सिस्टर," सुलभा शांतपणे म्हणाली. "यांना चारचौघांत खाली बघायला लागू नये म्हणून."

सिस्टर तिथेच दाराच्या चौकटीला धरून खाली बसल्या. मी त्यांना तसं कधी पाहिलं नव्हतं. "मला माफ कर," त्या म्हणाल्या. सुलभाने त्यांना पाणी आणून दिलं.

त्याच आठवड्यात सिस्टरांनी मंडळीचा कारभार बघणारी पंचकमिटी बोलवायला लावली आणि विश्वासचं दान परत करा म्हणाल्या. खजिनदार गोंधळले. "सिस्टर, देवाने घेतलेलं परत कसं करायचं?"

"देवाने ते घेतलंच नाही. ते मी घेतलं."

कमिटीने विचार करू म्हटलं, आणि विचारच करत राहिली. सिस्टरांनी स्वतःच्या पेन्शनमधून पैसे नेले, तर विश्वास साळवेंनी हात जोडून नको म्हटलं. पुढच्या वर्षी दानाच्या रविवारी त्या पाळकसाहेबांच्या जागी, प्रवचनाच्या पुलपिटावर उभ्या राहिल्या. "आढावा घ्या," त्या म्हणाल्या, "पण ज्याला कमी करायचंय त्याने कमी करा. ज्याला हवंय त्याने मागा. मी घरोघर जाऊन किती देता ते विचारलं, कसं चाललंय ते विचारलं नाही. हे माझं पाप आहे." तोवर साळवे कुटुंब पनवेलकडे राहायला गेलं होतं. ते पुन्हा उपासनेला आले नाहीत.

खरं सांगायचं तर आम्हाला बरं वाटलं. सगळा दोष सिस्टरांनी घेतला होता. टाळ्या आम्हीही वाजवल्या होत्या, पण ते कुणी बोललं नाही.

पुढे कधीतरी मी त्यांना म्हटलं, "विसरा आता. त्यांनी केव्हाच माफ केलं असेल."

"त्यांनी केलं असेल गं," त्या म्हणाल्या. "त्यांचा मोठेपणा. त्याने माझं हलकं होत नाही."

सिस्टर दुखणं अंगावर काढत काढत गेल्या. दफनाआधीच्या उपासनेत पाळकसाहेबांनी विचारलं, कुणाला दोन शब्द बोलायचेत? हॉलच्या मागच्या दारातून विश्वास साळवे पुढे आले. केस पांढरे झाले होते.

"सिस्टरांनी एकदा माझ्याकडे झेपत नव्हतं तेवढं मागितलं," ते म्हणाले. "त्याचं त्यांनी फार मनाला लावून घेतलं. पण नोकरी गेल्याचं मंडळीत सगळ्यांना कळल्यावर माझ्या घरी कोण आलं? त्या यायच्या. पनवेलला गेल्यावरही, गुडघे धरत, दोन बस बदलून. मुलींचा अभ्यास घ्यायच्या आणि जायच्या. चर्चमध्ये ये, असं एकदासुद्धा म्हणाल्या नाहीत."

आमच्या सगळ्यांकडे त्यांनी एकदा पाहिलं. "मी वाट बघत होतो," ते म्हणाले, "की अजून कुणी येईल."

मी पहिल्याच रांगेत बसले होते. मला त्यांच्याकडे बघवेना.