पहिला पेला

आकाराम गवळ्याच्या दुधाविषयी पेठेत कोणी कधी काही विचारलं नव्हतं. विचारायचं तरी काय? दिवेलागणीला तो हरणीला घेऊन कट्ट्यावर यायचा, लोकांच्या डोळ्यांदेखत तिची कास धुवायचा, मांडीत कासंडी धरायचा आणि धारा सुरू. घरी न्यायचं असेल त्यानं भांडं पुढे करावं. उभ्याउभ्या पिणाऱ्याच्या पेल्यात तो अशी धार सोडायचा की निम्मं दूध, निम्मा फेस. तालमीतली पोरं, रिक्षावाले, बँकेतले साहेब, सगळे मिशीला फेस लावून घरी जायचे.

"पाणी हाय का म्हणून इचारणारं गिऱ्हाईक मला अजून भेटायचंय," तो म्हणायचा. "आणि म्हशीनंच घातलं आसंल तर तिला इचारा की."

म्हैस असलेल्या माणसाला भेसळ करायला पाच मिनिटं लागत नाहीत, पण आकारामच्या हातून ते कधी झालं नाही. त्याचा बाप याच कट्ट्यावर बसायचा, तोही तसाच. साठी उलटली तरी आकारामची मान त्या एका गोष्टीनं ताठ होती.

त्याच्या गिऱ्हाइकांत एकच घर जगावेगळं होतं, शाहूपुरीतल्या मगदुमांचं. जैन माणसं, रीत कडक. दूध काढल्यापासून दोन घडीच्या आत ते गाळून तापवलं गेलं पाहिजे, नाहीतर त्या घरात ते चालत नाही. म्हणून आकाराम कट्ट्यावर जायच्या आधी, उन्हं कलायच्या आत, गोठ्यातल्या दुसऱ्या म्हशीचं दूध मोपेडवरून त्यांच्याकडं पोचवायचा. राजमतीवैनी पातेलं आणि धुतलेलं फडकं घेऊन ओट्यापाशी तयारच असायच्या. गाळलं की लगेच गॅसवर.

"वैनी, जित्तं दूध मारून पिताय तुम्ही," तो दरवेळी म्हणायचा.

"आम्ही मेलेलंच पितो बाबा. तू जितं पी," त्या हसत म्हणायच्या.

त्यांची ऐश्वर्या लहानपणी वडिलांचं, तात्यासोंचं बोट धरून कट्ट्यावर यायची आणि दुसऱ्यांच्या पेल्यातल्या फेसाकडं बघत राहायची. "एकदाच, काका," असं हळूच म्हणायची. तात्यासोंनी कधी दिलं नाही. ती पुढं डॉक्टर झाली, तीही इंजेक्शन देणारी नव्हे, तर गावंच्या गावं कशानं आजारी पडतात ते शोधणारी. आकारामला त्यातलं एवढंच कळलं होतं की पोरीकडं दवाखाना नाही आणि ती विमानानं फिरते.

गेल्या वर्षापासून आकारामचं अंग त्याचं राहिलं नव्हतं. संध्याकाळी कणकण यायची, रात्री घाम फुटायचा, सकाळी उठून तो पुन्हा वैरण टाकायला हजर. कंबर तर धारेला बसताना काठीसारखी ताठरायची. एका डॉक्टरनं टायफॉइड म्हटलं, दुसऱ्यानं वय म्हटलं. गोळ्या खाल्ल्या की ताप जायचा आणि पाहुण्यासारखा परत यायचा.

घरालाही ते वर्ष वाईट गेलं होतं. बाजारातून नवी आणलेली हरणी पावसाळ्याच्या तोंडाला, दिवस भरत आले असताना गाभडली, मेलेलं रेडकू पडलं. वार अडकली होती. डॉक्टर येईपर्यंत थांबायचं कशाला म्हणून आकारामनं, बाप करायचा तसं, कोपरापर्यंत हात घालून ती ओढून काढली. हरणी वाचली, दूधही देऊ लागली. पण त्याच पावसाळ्यात सून तेजस्वीचं पाचव्या महिन्यात पोट पडलं. मुलगा अमरसिंह चाकणला कारखान्यात, सणावारी येणारा, त्यामुळं पोरीनं ते सासू-सासऱ्यांसमोरच सोसलं. सासू चिमणाबाई महिनाभर धुसफुसत होती. "वरच्या फळीवरचा डबा कशाला काढायचा म्हंते मी! सांगिटलेलं ऐकायचंच न्हाय." तेजस्वी खाली मान घालून भांडी घासायची. आकाराम बायकोवर खेकसायचा आणि सुनेला आणखी एक पेला द्यायचा.

कारण पहिला पेला तिचा होता. सकाळच्या धारेचा, हरणीचा, कोमट आणि फेसाळ. लग्न होऊन आली तेव्हा पोरगी काडीसारखी होती. माहेरी दुधाचा चहासुद्धा मोजून मिळायचा म्हणे. गोठ्याच्या दारात ती पेला घेऊन उभी राहायची आणि आकाराम कट्ट्यावरच्या कुठल्याही पैलवानाच्या आधी तिचा पेला भरायचा. बोलून माया दाखवायची त्याला सवय नव्हती.

यंदा हरणी सुखरूप व्याली. रेडी झाली. आणि गणपतीनंतर तेजस्वीलाही पुन्हा दिवस राहिले. आकारामनं पेल्याऐवजी तांब्या काढला.

त्याच थंडीत ऐश्वर्या आली. कोल्हापुरात एका हॉटेलात जगभरच्या आरोग्यावर दोन दिवसांची परिषद होती, तिथं तिचं भाषण होतं. पहिल्या दिवशी ती दोन सहकाऱ्यांना घरी जेवायला घेऊन आली. एक पिकल्या केसांचे नागपूरचे डॉक्टर, एक तरुण डॉक्टरीणबाई. मगदुमांकडं सूर्य मावळायच्या आत जेवण उरकायचं, म्हणून परिषद अर्धी टाकून आले होते. आकाराम दूध घेऊन मागच्या दारानं स्वयंपाकघरात शिरला तेव्हा बाहेरच्या खोलीत वाद रंगला होता.

"उन्हाळा," नागपूरचे डॉक्टर म्हणत होते. "पुढची वीस वर्षं माणसं उन्हानं मरणार. बाकी सगळं त्याच्यामागं."

"सर, तुमच्या नागपूरला बसून तसंच वाटणार," तरुण बाई म्हणाल्या. "मी म्हणते, औषधं चालेनाशी झालीत हे सगळ्यात मोठं. उद्या साधी जखम बरी होणार नाही."

"आव्हानं ठेवा बाजूला, भाकरी गार होतेय," राजमतीवैनींनी आतूनच हाक दिली.

आकाराम फडक्यावर कासंडी कलती करत खुसखुसला. "वैनी, भाईर रोगांचा बाजार भरलाय व्हय? ज्यो त्यो आपलीच म्हस मोठी म्हंतोय."

मग ऐश्वर्याचा आवाज आला. "मला त्या रोगांची भीती वाटते ज्यांच्यावर कोणी भांडतच नाही. परवा एका गावात एक गवळी भेटला. संध्याकाळी ताप, रात्री घाम, सकाळी कामाला हजर. कंबर गेलेली. वर्षभर टायफॉइडच्या गोळ्या. विचारत गेले तर मूळ गोठ्यात. म्हैस गाभडली होती, ह्यानं उघड्या हातानं वार काढली होती आणि घरात सगळे निरसं दूध पीत होते. त्यात कोणी पोटुशी असेल तर तिलाही धोका. ती म्हैस पुढच्या वेळी नीट विते, दिसायला धडधाकट असते, त्यामुळं कुणाला शंकाच येत नाही."

"अहो, सांडलं की!" राजमतीवैनी ओरडल्या.

दूध फडक्यावरून, पातेल्यावरून, ओट्यावरून खाली फरशीवर चाललं होतं. आकारामला ते दिसत होतं, पण कासंडी सरळ करायचं त्याच्या हातांना सुचत नव्हतं. आवाज ऐकून ऐश्वर्या आत आली. तिनं फरशीकडं पाहिलं, मग त्याच्या तोंडाकडं. घोंगड्यासारखं जाड जाकीट घालूनही तो कुडकुडत होता.

"काका, ताप कधीपासून आहे?"

"कुणाला ताप? थंडी हाय."

"कंबर दुखते?"

"ह्या वयात कंबर दुखंल न्हायतर काय नाचंल?" त्याचा आवाज चढला. "माझ्या दुधाला नाव ठेवतीस व्हय गं? तुझ्या बापानं तीस वर्सं माझंच दूध पिलंय. काय झालं त्येला?"

"बाबांनी तापवून प्यायलं, काका."

एवढंच म्हणाली ती. राजमतीवैनी फरशी पुसत होत्या, त्यांनी वर पाहिलं नाही. आकाराम रिकामी कासंडी घेऊन निघून गेला. त्या संध्याकाळी हरणी कट्ट्यावर आली नाही. गिऱ्हाइकं थोडी थांबली आणि शेजारच्या पिराजीकडं वळली.

सकाळी तेजस्वी नेहमीसारखी गोठ्याच्या दारात आली. पदराखाली पोट आता दिसू लागलं होतं. तिनं पेला पुढे केला.

"आज दूध न्हाय," आकाराम म्हणाला.

"म्हंजे?" मागून चिमणाबाईचा आवाज. "भरल्याली कासंडी मांडीत घिऊन दूध न्हाय म्हंताय? म्हातारपणी सुनंच्या तोंडचा घास काढताय व्हय?"

आकाराम तसाच उठला आणि सगळी कासंडी शेणाच्या खड्ड्यात ओतली. चिमणाबाईनं कपाळावर हात मारला. तेजस्वी पेला तसाच हातात धरून सासऱ्याकडं बघत राहिली. हा माणूस दुधाचा थेंब सांडला तर बोटानं टिपून डोळ्याला लावणारा.

परिषदेचा दुसरा दिवस सोडून ऐश्वर्या पेठेत आली. तिनं सगळ्यांचं रक्त घेतलं, गुरांच्या डॉक्टरांना बोलावून हरणीचं आणि दुसऱ्या म्हशीचंही घ्यायला लावलं. चिमणाबाई दूध तोंडात धरत नसे, जन्मभर उकळलेल्या चहावर जगलेली. तिच्यात काही निघालं नाही. दुसरी म्हैसही सुटली. आकारामच्या रक्तात तो जंतू निघाला, हरणीच्या निघाला आणि तेजस्वीच्याही.

गुरांचे डॉक्टर त्याला सांसर्गिक गर्भपात म्हणाले. माणसाला गोळ्या आहेत, कित्येक आठवडे चुकवायच्या नाहीत. म्हशीला औषध नाही. तिला वेगळी बांधा, आणि दुसरीच्या गोठ्यात ठेवू नका, विकूही नका. तेजस्वीला तिच्या अवस्थेत चालतील अशा गोळ्या मोठ्या दवाखान्यातून सुरू झाल्या. पोट टिकेल का, असं चिमणाबाईनं विचारलं, तेव्हा तिथल्या बाई म्हणाल्या, लवकर सापडलंय, पण शब्द देता येत नाही.

आकारामनं ऐश्वर्याला दवाखान्याच्या जिन्यात गाठलं.

"पैलं पोट गेलं त्ये बी ह्यानंच व्हय?"

"ते आता सांगता येणार नाही, काका. तेव्हा तपासलं नव्हतं."

"व्हय म्हण न्हायतर न्हाय म्हण. एवढी शिकल्याली हाईस."

"दोन्हीपैकी काहीही म्हटलं तर ते खोटं होईल." तिचे डोळे भरले होते. "इतर कारणं असतात. हेही असू शकतं."

तो कठड्याला धरून उभा राहिला. 'होय' म्हटलं असतं तर एकदाच काय तो आघात झाला असता. 'नाही' म्हटलं असतं तर झोप लागली असती. पोरगी दोन्ही द्यायला तयार नव्हती.

नंतर एकदा त्यानं राजमतीवैनींसमोर हात जोडले. "तुमचं खरं हुतं, वैनी. मी हासत हुतो."

"कसलं खरं?" त्या कासावीस झाल्या. "आम्ही काय रोग ओळखून तापवत होतो होय? आमच्यात रीत आहे म्हणून तापवलं. तुमच्यात नव्हती. एवढाच काय तो फरक. त्याचा मोठेपणा मी कुठल्या तोंडानं घेऊ?"

ताप उतरल्यावर आकाराम कट्ट्यावर गेला. म्हैस न घेता. उभ्या गिऱ्हाइकांना त्यानं सांगितलं, घरी न्या, खळखळून उकळा, मग प्या. कुणाला ताप येत असेल, कंबर धरत असेल तर रक्त तपासा. लोकांनी ऐकून घेतलं. मग तालमीतला एकजण म्हणाला, "आकारामतात्या, म्हस आटली वाटतं तुमची!" आणि हशा पिकला. पिराजी धारा काढता काढता म्हणाला, "पावणं, ह्यांच्यावर ध्यान देऊ नगा. आजारानं डोस्क्यावर परिणाम झालाय." पिराजी वाईट माणूस नव्हता. त्याचा बापही ह्याच कट्ट्यावर बसायचा. आकारामच्या जागेवर पिराजीनं दुसरी म्हैस उभी केली आणि पेले फेसानं भरत राहिले. ऐश्वर्यानं तिथं फलक लावायला माणसं पाठवली. फलक लागला. पावसाळ्यापर्यंत त्याला दोरी बांधून कुणीतरी पेंडीची पोती सुकत घातली.

हरणी आता परसात वेगळ्या छपराखाली असते. धारेची वेळ झाली की हंबरते. आकाराम हातमोजे घालून तिची कास मोकळी करतो, दूध चुना टाकलेल्या खड्ड्यात जातं. तिच्याकडं बघवत नाही आणि बघितल्यावाचून राहवत नाही.

सातवा महिना लागला तेव्हा एका सकाळी तेजस्वी चुलीपाशी येऊन बसली. आकाराम दुसऱ्या म्हशीचं दूध तापवत होता. हे काम त्यानं बायकोकडून काढून घेतलं होतं. उकळून वर येईपर्यंत तो पातेल्यावरची नजर हलवत नसे.

"मामा, एक इचारू?"

"इचार."

"गेल्या टायमाला बी हरणीचंच दूध हुतं न्हवं?"

दूध वर आलं. त्यानं आच कमी केली, खाली बसू दिलं, पुन्हा वाढवली.

"व्हय," तो म्हणाला. "मीच दिल्यालं. त्यानंच गेलं का, त्ये डॉक्टरला बी म्हाईत न्हाय. पण दिल्यालं मीच."

आत चिमणाबाई काहीतरी पाखडत होती, सूप थांबलं. पोरगी रडेल, ओरडेल, उठून माहेरी जाईल, ह्यातलं काही झालं असतं तर आकारामला जरा बरं वाटलं असतं. तिनं फक्त पोटावर हात ठेवला. मग पेला पुढे केला आणि त्यानं भरल्यावर ओठाशी न नेता, पेल्याकडं बघत विचारलं,

"तापवलंय न्हवं, मामा?"

तिच्यासमोरच तापलं होतं. वाफ अजून निघत होती. चाळीस वर्षांत आकारामला त्याच्या दुधाविषयी कुणी विचारलं नव्हतं.

"तापवलंय, बाळ."

ती प्यायली. दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारलं, तिसऱ्या दिवशीही. चिमणाबाई एकदा फणकारली, "एवढं डोळ्यांम्होरं उकळतंय आणि वर इचारतीयास?" तेव्हा आकारामनं हात वर करून तिला थांबवलं.

"इचारू दे," तो म्हणाला. "रोज इचारत जा, पोरी."

मग चुलीपुढं बसूनच त्यानं तोंड भिंतीकडं फिरवलं, आणि पातेल्याकडं त्या दिवशी कुणाचंच लक्ष राहिलं नाही म्हणून चुलीवर उरलेलं दूध उतू गेलं.