विकण्यासाठी बांधलेली न्हाणी

आमच्या घराची न्हाणी मागच्या दारी होती. तीन बाजूंना छातीएवढ्या विटांच्या भिंती, चौथ्या बाजूला गोणपाटाचा पडदा, वर उघडं आभाळ. खाली एक शहाबादी दगड, बसून बसून मधे गुळगुळीत झालेला. पहाटे उजाडायच्या आत फुई तिथे जायची. पडदा वाऱ्याने उडतो, पलीकडच्या गच्चीवरून कोणी बघेल, म्हणून अंगावरचं लुगडं न सोडता त्यावरूनच पाणी घ्यायची. घाईघाईत चार तांबे. मग कोरडं लुगडं गुंडाळून ओलं पिळायची आणि लिंबाला बांधलेल्या दोरीवर टाकायची. दोरीवर ओलं लुगडं दिसलं की तिची आंघोळ झाली असं मी समजायचो. गल्लीतल्या सगळ्याच दोऱ्यांवर तसं लुगडं असायचं, त्यामुळे त्याचा कधी विचार केला नाही.

फुई म्हणजे वडिलांची बहीण. शाळेच्या पुस्तकात आत्या लिहिलेलं असतं, पण आत्या अशी हाक मारली तर ती मागे वळून बघणार नाही. सासर तिला लाभलं नाही, ती परत आली. पुढे माझे आईवडील एकामागून एक गेले आणि घरात आम्ही दोघंच उरलो. शहादा तालुक्यातलं आमचं गाव, दुसऱ्यांच्या शेतात कापूस वेचून तिने मला वाढवलं. सातवीनंतर मी शाळा सोडली तेव्हा मास्तरांपेक्षा तीच जास्त भांडली माझ्याशी. आता मी हैदराबादच्या बाहेर एका कंपनीच्या कँटीनमध्ये चपात्या लाटतो. तिथे जायला निघालो त्या दिवशी तिने ज्वारी-उडदाच्या, कळण्याच्या भाकरी बांधून दिल्या आणि स्टँडवर मात्र आली नाही. तिचं माझ्यावर जे आहे ते मला कधी फेडता येणार नाही, आणि ती कधी मागणारही नाही. याचीच मला जास्त धास्ती वाटते.

मागच्या पावसाळ्यात ती न्हाणीजवळच्या शेवाळावर पडली. हाड मोडलं नाही, पण गुडघा गेला. शेजारच्या काकूने फोन केला तेव्हा मी पीठ मळत होतो. त्या दिवसापासून फोन वाजला की पिठाचे हात न धुताच मी तो उचलायचो. फुईने आणखी एक पावसाळा एकटीने काढायचा नाही, एवढं मी मनाशी ठरवलं. तिला माझ्याकडे आणायचं तर जमिनीलगतची खोली हवी. मी राहत होतो ती तिसऱ्या मजल्यावर, सहा जणांत. खोली घ्यायची तर गावचं घर विकायला हवं. घर विकलं तरच फुई येणार, नाही तर नाही.

फुई हो म्हणाली. इतक्या लवकर हो म्हणाली की मलाच कसंतरी झालं.

शहाद्याच्या एका मध्यस्थाला घर दाखवलं. तो पुढच्या खोलीत खूश होता, मागच्या दारी आला आणि उभाच राहिला.

"घर चांगलं शे भाऊ," तो म्हणाला. "पन हाई न्हानी दखीसन बाया मांगे फिरी जातीस. आधी न्हानी कर. संडासबी आतमाच ले. मंग गिऱ्हाईक मी आनस."

तर अशी आमची न्हाणी नवी करायचं ठरलं. आमच्यासाठी नाही, गिऱ्हाइकासाठी. मी रजा काढून आलो. कळसाडीचा एक मिस्तरी मिळाला, तो सुरतेला बिल्डिंगांवर काम करून आलेला. त्याने जागा बघितली, बिडी पेटवली आणि म्हणाला, "इकानं शे ना? मंग डोयाले चांगलं दिसाले पायजे."

फरशी आणायला फुई माझ्यासोबत शहाद्याला आली. दुकानदाराने पहिला प्रश्न हाच विचारला, "घरले का इकाले?"

म्हणजे स्वतःसाठी घ्यायची की विकायच्या घरासाठी. विकायला, असं मी सांगितल्यावर त्याने आम्हाला दुसऱ्या बाजूला नेलं. तिथे सगळी चकचकीत फरशी, आरशासारखी. हीच घ्या, जागा मोठी दिसते, असं तो म्हणाला. फुई मात्र पहिल्या बाजूलाच रेंगाळली होती. एक खरबरीत करडी फरशी तिने चपलेतून पाय काढून पावलाने घासून बघितली.

"हाई ले ना भाऊ. त्या चकचकीत फरशीवर पाय घसरी," ती मला म्हणाली.

"तुले कोठे जानं शे तिच्यावर?" मी म्हणालो.

मी हे चेष्टेने म्हणालो होतो. दुकानदारही हसला. फुईने पाय परत चपलेत घातला आणि म्हणाली, "तेबी खरं शे."

काम सुरू झालं. भिंती वर गेल्या, छत पडलं, छोटी जाळीची खिडकी आली. लोखंडी दरवाजा आला आणि त्याला आतून कडी. कोपऱ्यात पांढरं भांडं बसलं, खुर्चीसारखं बसायचं. गुडघे गेलेल्या माणसासाठी याहून बरी गोष्ट नाही असं मिस्तरी म्हणाला, आणि मग फुईकडे बघून पुन्हा कामाला लागला. जुना शहाबादी दगड उचलून त्याने लिंबाला टेकवून ठेवला. त्या दिवसांत फुई अंगणाच्या कोपऱ्यात खाटेला चादर बांधून आंघोळ करायची.

काम पुरं झालं आणि माझी रजा संपली. निघताना मी म्हणालो, "फुई, गिऱ्हाईक येईपर्यंत तू वापर. भांडं आहे, नळ आहे, तुझ्या गुडघ्याला बरं."

"वापरेल वस्तूले कोन नवी म्हनी?" ती म्हणाली. "त्या लोकेस्नं शे ते. नवं ते नवं ऱ्हाऊ दे."

तिने दरवाज्याला बाहेरून कुलूप घातलं आणि किल्ली कमरेला लावली. खरं सांगायचं तर मलाही ते पटलं. आमच्याकडे असंच असतं. नव्या ताटांना पाहुणे येईपर्यंत हात लागत नाही, नवी चादर पेटीत पिवळी पडते. मी बॅग उचलली.

अखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, झाली. शेजारपाजारच्या लेकी माहेरी येऊन, झोके खेळून परत गेल्या. काकू फोनवर सांगायची की फुई रोज त्या दरवाज्यावरची धूळ पुसते आणि स्वतः चादरीआड आंघोळ करते. "मी म्हननू तिले," काकू म्हणाली, "तुमनं बाथरूम नवी नवरी शे का? कोन्हले तोंड दखाडत नही!" आम्ही दोघं फोनवर हसलो.

गिऱ्हाईक वैशाखाच्या ऐन उन्हात आलं. तापीकाठच्या गावातलं गुजर कुटुंब, केळीची शेती असलेलं. मुलांच्या शाळेसाठी त्यांना आमच्या गावात घर हवं होतं. नवरा, बायको आणि नवऱ्याची म्हातारी आई. त्यांच्यासाठी मी पुन्हा रजा काढून आलो होतो. पुढची खोली बघितली, मागची बघितली. बायको म्हणाली, आता बाथरूम दाखवा. फुईने कमरेची किल्ली काढली. कुलूप निघालं, दरवाजा उघडला आणि आतून असा वास आला की सगळ्यांची पावलं मागे सरली.

फरशी लखलखत होती. भांडं पांढरंशुभ्र होतं. आणि वास गटारासारखा. बायकोने पदर नाकाला लावला. नवरा म्हणाला, "बघू, फोन करतो." म्हातारीने जाताना फुईकडे एकदा बघितलं.

ते गेल्यावर फुई दरवाज्यापाशी खाली बसली. "मी तं पायबी ठेवा नही रे आतमा," ती म्हणाली. "एक दिनबी नही. मंग घान कथाईन उनी?"

मी मिस्तरीला फोन लावला. मनात त्याच्यासाठी शिव्या तयार होत्या. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "कोन्ही वापरस का?"

"नाही. नवं ठेवलंय."

तो हसायला लागला. मग त्याने समजावलं. पाणी जायच्या जाळीखाली वाकडा पाइप असतो, त्यात थोडं पाणी कायम साचलेलं लागतं. त्या पाण्यामुळेच संडासाच्या टाकीतला वास वर येत नाही. कोणी वापरलं नाही आणि ऊन असं पडलं की ते पाणी सुकून जातं. "रोज कोन्ही तरी आंग धुवा तठे," तो म्हणाला. "नवं ठेवानं व्हई तं वापरनं पडी."

फुईला हे सांगितलं तर तिला खरंच वाटेना. "म्हनजे मी आंग धोसू तव्हय हाई घर इकाई जाई?"

"हो फुई. तसंच."

मी कँटीनच्या मुकादमाला फोन करून आणखी रजा मागितली. त्याने शिव्या दिल्या, पण रजा दिली. त्याचेही माझ्यावर उपकार आहेत.

दुसऱ्या दिवशी मी बंबात पाणी तापवून बादली आत ठेवली. फुई उंबऱ्यावर उभी राहून चकचकीत फरशीकडे बघत होती. दुकानात ती काय म्हणाली होती ते तिला आठवलं असेल की नाही, माहीत नाही. मला आठवलं. मी लिंबाजवळ गेलो, जुना शहाबादी दगड उचलून आणला आणि आत भिंतीशी नीट बसवला. तिने पाय घासून बघितला. मग दगडावर बसली आणि म्हणाली, "जाय आते बाहेर."

आतून कडी लागल्याचा आवाज आला.

मी खाटेवर बसून राहिलो. पाण्याचा आवाज आला, थांबला, परत आला. बराच वेळ गेला. ती घसरली तर नाही, म्हणून मी दोनदा हाक मारली. दुसऱ्यांदा आतून वैतागलेला आवाज आला, "जित्ती शे मी!" काकू कुंपणापलीकडून हसली, "आज नवरी सजी ऱ्हायनी वाटतं!"

फुई बाहेर आली तेव्हा केस मोकळे होते. कोरडं लुगडं नेसली होती. चुलीपाशी गेली आणि चहा ठेवला. मी बादली आणायला आत गेलो. पिळायचं लुगडं तिथे नव्हतं. बाहेर येऊन दोरीकडे बघितलं, दोरी रिकामी होती. जे लुगडं नेसून ती आत गेली होती ते कोरडंच, घडी करून खाटेवर ठेवलेलं होतं.

एवढ्या वयात पहिल्यांदा ती लुगडं सोडून न्हाली होती, हे माझ्या लक्षात यायला थोडा वेळ लागला. तिच्याशी त्यावर बोलायची गोष्ट नव्हती. मी चहा घेतला आणि तिने विचारलं नसताना म्हणालो, चांगला झालाय.

त्यानंतर ती रोज जायची. उजाडल्यावर जायची, उन्हं वर आल्यावर जायची. एक दिवस आतून गाणं गुणगुणल्यासारखं ऐकू आलं. मी जवळ गेलो तर बंद झालं. वास दोन दिवसांत गेला होता. मी मध्यस्थाला सांगितलं, त्यांना परत घेऊन या. सांगायच्या आधी फोन दोनदा खाली ठेवला, पण आभाळ भरायला लागलं होतं आणि शेवाळ मला डोळ्यांसमोर दिसत होतं.

ते परत आले. दगड बाहेर काढायचं मी विसरलो. चकचकीत फरशीवर तो काळा, झिजलेला दगड बघून बायको म्हणाली, हे काय मधेच? मी घाईने उचलायला वाकलो. तेवढ्यात त्यांची म्हातारी पुढे झाली, भिंतीला धरून हळूच त्या दगडावर बसली, आहे त्या कपड्यांत. मला बाहेर जायची खूण करून तिने दरवाजा लावून बघितला, कडी लावून बघितली. आतूनच म्हणाली, हा दगड असू द्या.

घर त्याच आठवड्यात ठरलं.

शेवटच्या दिवशी सामान टेम्पोत भरून झालं तरी फुई आत होती. मी हाक मारली नाही. बाहेर आली, कडी दोनदा लावून-काढून बघितली आणि किल्ली म्हाताऱ्या बाईच्या हातात दिली. "रोज पानी टाकत जा," एवढं सांगितलं.

आता फुई माझ्याजवळ आहे. खोली जमिनीलगत आहे, पायऱ्या नाहीत, पावसात ती पडेल अशी भीती नाही. मला हवं होतं ते झालं. पण घर विकून जेवढं आलं तेवढ्यात ओळीतली एक खोलीच मिळाली. बाथरूम ओळीच्या टोकाला, सगळ्या बिऱ्हाडांचं मिळून एक. दरवाज्याला कडी नव्हती. मी बसवली, ती कोणीतरी उपटली. परत बसवली, परत तेच. फुई म्हणते, "ऱ्हाऊ दे भाऊ, माले काय सवय नही?"

काल कामावरून आलो तर ती दारात बसून काकूशी फोनवर बोलत होती. तिकडची म्हातारी कशी आहे, पाणी टाकते का, दगड आहे का, हेच विचारत होती. दगड शे, दगड शे, असं तिने मलाही हात करून सांगितलं. तिच्या डोक्याच्या वर, दारावर दोरी बांधलेली होती, आणि दोरीवरच्या ओल्या लुगड्याचं पाणी उंबऱ्यावर ठिबकत होतं. मी ते काढलं, पुन्हा नीट पिळलं आणि झटकून परत दोरीवर टाकलं.