चुन्याच्या रेघांचं घर

गाडी हलली तेव्हा आई फलाटावरच्या एका अनोळखी बाईशी बोलत होती. घरात किती जण, असं त्या बाईनं विचारलं असावं. आई म्हणाली, "चौघं." मी डब्यात खिडकीशी बसलेली होते. लग्नाला चार दिवस झाले होते, मांडीवर फराळाचा डबा होता आणि शेजारी नवरा. पूर्णा स्टेशन मागं सरकत होतं, आणि आई मला अजून घरातच धरत होती. मी खिडकीतून ओरडून आकडा दुरुस्त करणार होते, पण इंजिनानं भोंगा दिला आणि ते राहून गेलं.

आमच्याकडे ती रीतच होती. माणूस परगावी गेलं, लग्न होऊन गेलं किंवा वारलं, तरी परक्यानं विचारल्यावर आकडा कमी करून सांगायचा नाही. "मोजायचं सोडलं की माणूस घराची वाट विसरतं," असं आई म्हणायची. मला ते कधी पटलं नाही. मी आयुष्यभर पॅथॉलॉजीच्या लॅबमध्ये काम केलं आहे. तिथं रक्ताच्या नळीवर चुकीचा नंबर पडला तर भलत्याच माणसाला औषध सुरू होतं. आकडा म्हणजे आकडा.

दादा, तू पूर्णेतच राहिलास, म्हणून हे तुला लिहिते. आणि आपल्या वस्तीतून माझ्यासारखे जे बाहेर पडले, कुणी पुण्याला, कुणी मस्कतला, त्यांनाही. कारण यंदा मी कागदावरून काही माणसं कमी केली, आणि त्यात आपले आई-बाबाही होते.

हैदराबादला, काचीगुडा स्टेशनच्या मागे आमची कॉलनी. तीन मजली सहा इमारती. बहुतेक कुटुंबं मराठवाड्यातली, रेल्वे, पोस्ट, वीज अशा खात्यांत नोकरीला आलेली. काही तेलुगू घरं, काही उर्दू बोलणारी. इथं येऊन मी पहिल्यांदा "हौ" आणि "नक्को" शिकले, मग बेगम बाजारात चांगली ज्वारी कुणाकडे मिळते ते. "परसों" म्हणजे परवा नाही, दहा वर्षांपूर्वीचा कुठलाही दिवस असू शकतो, हे कळायला मात्र जास्त वेळ लागला. माझी मुलगी उत्पला मराठी, तेलुगू, उर्दू तिन्ही भाषा एका वाक्यात बोलते आणि मराठी मात्र दुकानाच्या पाटीसारखं एकेक अक्षर लावून वाचते. हे पत्रही मलाच वाचून दाखवावं लागणार.

बुद्धपौर्णिमेला कॉलनीत खीर होते. प्रत्येक घराला माणशी एक वाटी, असा हिशेब जुन्या वहीवरून. त्या वहीतलं नाव कधी कुणी खोडलेलं नाही. सी-चौदामध्ये कमलकाकू राहतात, अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या, एकट्या. नवरा जाऊन खूप वर्षं झाली. मुलगी बाराव्या वर्षी तापानं गेली. मुलगा आखातात गेला, पहिली दोन वर्षं पत्रं आली, पुढं काहीच नाही. त्यांच्याकडे दर वर्षी चार वाट्या जातात. दुसऱ्या दिवशी चारही वाट्या धुऊन परत येतात. काकूंना साखर वर्ज्य आहे. मी याचा फारसा विचार केला नव्हता.

दोन वर्षांपूर्वी छताचे पापुद्रे माणसांच्या अंगावर पडायला लागले, तेव्हा कॉलनी पाडून नव्यानं बांधायची असं ठरलं. आराखड्यासाठी स्रवंती नावाची एक आर्किटेक्ट आली, तिशीतली. राहणाऱ्यांना विचारल्याशिवाय एक रेघ ओढणार नाही, म्हणाली. आम्ही हसलो. तोवर आमच्याकडे फक्त सह्या मागितल्या गेल्या होत्या. पण ती दर रविवारी पाण्याच्या टाकीखालच्या सावलीत बसायला लागली आणि लोक बोलायला लागले. पापड कुठं वाळवायचे, स्कूटर कुठं लावायच्या. लिफ्टमध्ये आडवं माणूस मावलं पाहिजे, हे मी सांगितलं. मेलेल्या माणसाला खुर्चीत बसवून खाली आणताना मी पाहिलं आहे. स्रवंतीनं ते लिहून घेतलं. माझं अक्षर बरं म्हणून कमिटीची सेक्रेटरी मला केलं होतं.

नियम सोपा होता. घरात एक किंवा दोन माणसं असतील तर एक खोली, जास्त असतील तर दोन. घरात किती जण ते लिहिलेले घरोघरचे फॉर्म मी गोळा केले आणि न वाचता, नुसते क्रमानं लावून, स्रवंतीकडे दिले. ती माझी पहिली चूक.

मग एका रविवारी दुपारी तिनं कॉलनीच्या मैदानात चुन्याची फक्की टाकून नव्या खोल्या आखल्या. खऱ्या मापाच्या. भिंतीच्या जागी पांढरी रेघ, दाराच्या जागी रेघेत फट. आत चालून बघा, म्हणाली, काय अडतं ते सांगा. सुरुवातीला चांगली चेष्टा चालली. शेजारच्या युसुफभाईंनी दाराशी उभं राहून बेल कुठं आहे विचारलं. त्यांच्या बायकोनं ऐकवलं, इतक्या वर्षांत कधी बेल वाजवून आलात ते आज शोधताय. कुणी हवेतच नळ उघडला.

मग हळूहळू आवाज कमी झाले. कमलकाकू आपल्या घरात शिरल्या. दोन रेघांमधल्या बोळातून जाताना मध्येच थांबल्या, तिथं नसलेल्या भिंतीला पाठ टेकवली, पदर आवरला, कुणाला तरी पुढं जाऊ दिलं आणि मग चालू लागल्या. कुणी हसलं नाही. युसुफभाई स्वतःच्या दारात बाजूला झाले होते, मान थोडी खाली, वडीलधारं माणूस आत जाताना होतात तसे. त्यांचे वडील जाऊन नऊ वर्षं झाली.

मी माझ्या स्वयंपाकघरात गेले. म्हणजे मैदानाच्या एका तुकड्यावर. ओट्याच्या रेघेपासून दारापर्यंत चार पावलं. तिसऱ्या पावलाला मी अंग चोरून तिरकी झाले. मागे कुणीतरी विळी घेऊन बसलं होतं आणि त्याच्या पसरलेल्या पायावर माझा पाय पडला असता. आपली आई अशीच बसायची, दादा, वाटेतच, एक पाय लांब करून. ती हैदराबादला एकदाही आली नाही. मी मागं वळून पाहिलं नाही. पाहून करायचं काय होतं?

दुसऱ्या दिवशी स्रवंती लॅबवर आली. टाकीवर चढून काढलेला फोटो तिनं फोनवर दाखवला. वरून सगळी घरं दिसत होती, त्यांत आम्ही.

"आंटी, देखो ना," ती म्हणाली. "बीच में कोईच नहीं खड़ा. सब लोगां किसी के लिए जगह छोड़के खड़े हैं."

खरंच तसं होतं. एवढी मोठी खोली, आणि काकू कोपऱ्यात. मग तिनं फॉर्मांचा गठ्ठा पुढं केला. लिहिलेली माणसं कॉलनीतल्या माणसांपेक्षा तीस-बत्तीसनं जास्त भरत होती. तपासणीत हे निघालं तर सगळी योजनाच अडकेल, असं ती म्हणाली. लोक खोटं बोलले, असं तिला वाटत होतं. मी म्हटलं, बेरीज चुकली असेल, आणि सवयीनं वरचा फॉर्म उचलला. तो माझाच होता. आमच्या घरात मी, नवरा आणि उत्पला. मी लिहिलं होतं, पाच. अक्षर माझं, सही माझी. कधी लिहिलं, मला आठवेना.

मी स्रवंतीसमोरच पाचाचे तीन केले. मग संध्याकाळी घरोघर जाऊन बाकीचे फॉर्म दुरुस्त करून घेतले. कुणी वाद घातला नाही. फक्त आकडा खोडण्याआधी प्रत्येकानं कमी होणाऱ्या माणसाचं नाव मोठ्यानं सांगितलं, जसं काही मीच ते विचारलं होतं. जिन्यातून उतरताना मला दर मजल्यावर कठड्याला चिकटून चालावं लागत होतं.

कमलकाकूंकडे शेवटी गेले. चाराचा एक झाला की त्यांची दुसरी खोली जाणार होती, हे आम्हा दोघींना माहीत होतं. त्यांनी चहा टाकला. मी सरळ सांगितलं.

"एक लिही, शीला," त्या म्हणाल्या. "खरं ते खरं. मी मावते गं एका खोलीत. पण त्या तिघांना आता कोण सांगणार, की जागा नाही?"

मला काम संपवायचं होतं. मी म्हटलं, "माझ्याकडे दोन खोल्या येणार आहेत. त्यांना माझ्याकडे पाठवा."

काकूंनी माझ्याकडे नीट पाहिलं. चेष्टा करते आहे का, ते बघत होत्या. मग म्हणाल्या, "विचारून सांगते."

सकाळी मी कामावर निघताना त्या जिन्यात उभ्या होत्या. "हो म्हणाले," एवढंच बोलल्या. मग तिथंच कठड्याला धरून मला सांगितलं, की ह्यांना पहाटे उठायची सवय आहे, भांडी आपटू नकोस. मुलीला दाराकडे पाय करून झोपलेलं चालत नाही. मुलगा वांगं खात नाही. मी लॅबच्या वहीत मागच्या पानावर ते लिहून घेतलं. का, ते विचारू नका. कुणी माहिती सांगायला लागलं की मी लिहून घेते.

आता आम्ही सगळे शहराच्या टोकाला तात्पुरत्या फ्लॅटमध्ये राहतो. आमचं घर नवव्या मजल्यावर. काकू सातव्यावर. तिकडं जुन्या इमारती पाडून पायाचे खड्डे झाले आहेत. काकूंना एक खोली मंजूर झाली, आम्हाला दोन. काकू आता बोळात थांबत नाहीत. शांत झोप लागते म्हणतात. इथं बाहेरच्या खोलीत टीपॉय मध्येच यायची, ती मी भिंतीला लावली. नवरा म्हणाला, आपल्याला कुठं अडत होती? मी म्हटलं, असू दे. वांगं आठवड्यातून एकदाच करते आणि त्या दिवशी दुसरी भाजीही करते.

दादा, तुला आणि गेलेल्या सगळ्यांना स्पष्टच सांगते. नव्या इमारतीच्या यादीत तुमच्यापैकी कुणाचं नाव नाही. यादीतून माणसं मी कमी केली, आणि पुन्हा वेळ आली तर पुन्हा करीन, कारण ती यादी खरी असायला हवी. पूर्णेचं घर तुझं आहे, मला त्यातलं काही नको. मी इतकी वर्षं तेच माझं घर धरून चालले होते आणि इथं पाहुण्यासारखी राहिले, हे त्या चुन्याच्या रेघांमध्ये उभी राहिल्यावर मला कळलं. आई पूर्णेला मला दिसली नाही, इथं सापडली. माझं घर आता म्हणजे अजून न बांधलेल्या दोन खोल्या, आणि मी ज्यांना या म्हटलं आहे ती माणसं. दाटी आहे. चालतं.

काल कामावरून उत्पला आणि मी बरोबरच आलो. ती आत गेली, चप्पल काढली, पाणी प्यायली, तरी मी दार धरून उभीच. "आई, और कोई आ रहा है क्या?" तिनं विचारलं.

मी दार लावलं. म्हटलं, नाही, आले सगळे.