चटईवरची जागा

आई खडी फोडायची. वडील लवकर गेले आणि नगरकडच्या रस्त्यावर दगडांच्या ढिगाशी बसून तिनं मला वाढवलं. रोज चूल पेटेलच असं नव्हतं, म्हणून तिनं मला मिशनच्या बोर्डिंगात ठेवलं. तिथं रविवारी उपासनेला आम्ही पोरं पुढं रांगेत आणि ती पार मागं, दाराशी. मान वळवली की मास्तर छडी दाखवत. पुढं मी शिकलो. आमच्या अख्ख्या भावकीत पहिला बी.ए. मीच, हे मी कुणापासून लपवत नाही. ख्रिस्ती मंडळीचा पाळक (धर्मगुरू) झालो, लग्न झालं, मुलगी झाली. पण देवळात मी कायम वर वचन (प्रवचन) द्यायला आणि घरची माणसं खाली. आई गेली. तिच्या शेजारी बसून एक गाणं म्हणायचं राहूनच गेलं.

मंडळीनं मला विश्रांतीची रजा दिली, तेव्हा कुठं जायचं हे माझ्या पत्नीनं, सुलभानं, ठरवून टाकलं होतं. "थंड हवा नको न् काही नको. मला एकदा तुमच्या शेजारी बसून उपासना करायचीय." तिचा मामेभाऊ दिनकर साजगावच्या कारखान्यात कामाला, राहायला खालापूरजवळ कुंभिवलीत. तिथली मंडळी एका खोलीत जमते. आमच्याकडं पुरुष उजवीकडं, बायका डावीकडं. तिथं मात्र जो तो घरची चटई आणतो आणि एकेक घर आपापल्या चटईवर बसतं.

मे महिन्यात निघालो. पुण्याहून गाडी घाट उतरली तशी हवा जड झाली, सदरा पाठीला चिकटला. कर्जतला गाडी बदलायची होती; वडा खायचाच म्हणून मी थांबलो आणि वडा येईपर्यंत खोपोलीची गाडी निघून गेली. सुलभानं वडा तेवढा निम्मा काढून घेतला. पुढच्या गाडीची वाट बघत बसलो, तेव्हा करवंदं विकणाऱ्या एका म्हातारीनं आमच्या नीलाला जवळ बोलावलं. "कोंबडा का कोंबडी, सांग गं. मंग खा." (करवंद आतून लाल निघालं तर कोंबडा, नाहीतर कोंबडी.) नीला दर वेळी चुकत होती आणि म्हातारी दर वेळी एक जास्तीचं देत होती.

खोपोलीहून टेंपोनं कुंभिवली. हमरस्त्यावर ट्रकची रांग, मागं उन्हानं भुरे झालेले डोंगर. दिनकरला मी आधीच बजावलं, मी पाळक आहे हे कुणाला सांगायचं नाही. तो हसला. "दाजी, तुमचं चालणंच सांगतंय."

रविवारी सकाळी चटई काखेत मारून गेलो. पत्र्याची खोली, भिंतीवर साधा लाकडी क्रूस. चटईवर सुलभा, मधे नीला, मी. मंडळीचे वडील (कारभार पाहणारे) बापूराव यांनी गाणं सुरू केलं. सुलभा सूर धरून गाते, हे मला त्या दिवशी कळलं. इतकी वर्षं तिचा आवाज सगळ्यांच्या आवाजात मिसळून माझ्यापर्यंत यायचा.

गाणं संपलं. खोली शांत झाली. आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "आपण प्रार्थना करू या."

साऱ्यांनी डोळे मिटले. आता काय करणार? प्रार्थना केली. आमेन झालं तेव्हा सगळी खोली माझ्याकडं बघत होती. पुढच्या चटईवरची सारूबाई वळली.

"पाळक हाय तुमी. आन् गप बसलाय व्हय?"

मी म्हटलं, रजेवर आहे.

"रजा आमाला बी मिळते कारखान्यातनं. आमच्याकडं नाताळापासनं पाळक आला नाय. भाकर मोडली नाय कुनी."

प्रभुभोजनाची, म्हणजे येशूच्या आठवणीची भाकर मोडायला आमच्यात पाळकच लागतो. मी सुलभाकडं पाहिलं. तिचे डोळे भरले होते. तिनं नीलाला जरा सरकवलं आणि माझ्या जागेवर हात ठेवला.

"जा. मी धरून ठेवते. पण या."

सारूबाईची सून घरी पळाली, तांदळाची भाकरी आणि कोकमाचं सरबत घेऊन आली. गव्हाची भाकर नि द्राक्षरस नाही म्हणून मी शास्त्रार्थ काढत बसलो नाही. वचन दिलं, पण लक्ष सारखं त्या चटईवर जात होतं. तेवढ्या रिकाम्या जागेकडं बघून मला आई आठवत राहिली. तीही अशीच बघत असेल का, दारापासून?

भाकर मोडली, आशीर्वाद मागितला. रीतीप्रमाणं सगळ्यांना देऊन शेवटी मी टेबलाशीच घ्यायची. मी ताट बापूरावांच्या हातात दिलं.

"माज्या हातनं?" ते कचरले.

"तुमच्याच हातनं," म्हटलं आणि जाऊन चटईवर बसलो. सुलभानं हात काढला. जागा गरम होती.

बापूराव चटयांमधून वाट काढत आले. तिला एक तुकडा, मला एक. सारूबाई मागं न बघता पुटपुटली, "आता बसलं मानूस."

परतताना कर्जतला गाडी बदलली, तेव्हा मी वड्यासाठी थांबलो नाही. गाडी घाट चढू लागली, नीला खिडकीशी झोपली, सुलभा तेच गाणं हलक्या आवाजात म्हणत होती. मीही म्हणू लागलो. आईचं राहिलं ते राहिलंच. ते कुठल्या रजेत भरून निघायचं नाही. पण कुंभिवलीत, पत्र्याच्या खोलीत, मी माझ्या माणसांशेजारी बसून भाकर घेतली.