प्राजक्ताचं वेगळं जेवण

तुम्ही मला ओळखत नाही, म्हणूनच तुमच्यापाशी बोलायला जीभ उचलतेय. नवऱ्याला हे माहीत नाही. माझी आई गेली तेव्हा मी तिच्या उशाशी बसले होते, तेव्हा ओठांवर आलं होतं, पण मी तिच्या तोंडात पाणी घातलं आणि गप्प राहिले. आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. कसं सांगणार? माझ्याकडं बघून कुणाला खरंही वाटणार नाही. गावात माझं नाव चांगलं आहे. मंगलवहिनी म्हणजे अन्नपूर्णा, असं म्हणतात. म्हणू देत.

माझं माहेर जत तालुक्यातलं, पार कर्नाटकाच्या अंगाला. तिकडं टँकर आला की सगळं गाव घागरी घेऊन पळायचं. फोडणीला तेल म्हणजे पळीच्या टोकावर येईल तेवढंच. माहेरवाशीण अंगानं भरून आली की बायका म्हणायच्या, पोरगी सुखात पडली. मी लग्न होऊन वाळवा तालुक्यात आले. इथं कृष्णेचं पाणी, ऊस, दारात दोन म्हशी, तेलाचे डबे. मालक फौजेत, वर्षातनं दोनदा सुट्टीला यायचे. बाकीचं घर म्हणजे मी, सासू आणि सासरे. सासूला आम्ही आत्ती म्हणतो.

मला मूल झालं नाही. सातारा झालं, मिरज झालं, डॉक्टर झाले, नवस झाले. पुढं मीच म्हटलं, आता बास. हे मी सबब म्हणून सांगत नाही. पण हे सोडलं तर पुढचं तुम्हाला कळायचं नाही, म्हणून सांगते.

धाकट्या दिराचं, सागरभाऊजींचं, लग्न सांगलीच्या प्राजक्ताशी झालं. शिकलेली, हसरी, बोलायला गोड. मला ताई म्हणायची. बाळंतपणात तिचं वजन वाढलं ते उतरेना. भाऊजी पुण्यात कंपनीत होते, नवा फ्लॅट घेतलेला, मित्रांच्या बायका जिमला जाणाऱ्या. ते तिला म्हणाले, तू गावाकडं राहा, वहिनी आहेत मदतीला, वजन उतरव, मग नेतो. असं तोंडावर म्हणाले, सगळ्यांच्या देखत. तिनं मान हलवली. आत्तीपण काही बोलल्या नाहीत. मीही नाही.

ती आली तेव्हा इशू — ईश्वरी, तिची मुलगी — मांडीवर मावेल एवढी होती. पहिल्याच दिवशी तिनं माझं बोट धरलं ते सोडेना. आठवड्याभरात ती माझ्याकडं झोपायला लागली. प्राजक्ता म्हणायची, "ताई, तुमच्याकडं कशी गप झोपते बघा. मला तर छळते." मला काय वाटत असेल तेव्हा? तुम्हीच बघा. माझ्या अंगाला दुधाचा वास यायला लागला होता, माझा नसलेला.

प्राजक्तानं वजनाचं फार मनावर घेतलं. पुण्याच्या कुणी डाएटच्या मॅडम होत्या, त्यांचा फोन यायचा. ताटाचा फोटो काढून त्यांना पाठवायचा. मोबाईलवर खाल्लेलं सगळं लिहायचं — अर्धी भाकरी, एक वाटी डाळ, दोन फोडी काकडी — की तो कॅलरी सांगायचा. तिनं एक छोटा वजनकाटा आणला होता, त्यावर ती पीठसुद्धा मोजायची. मला हसू यायचं. पण ती हसायची नाही. तिच्यासाठी वेगळी कढई, वेगळी वाटी, आणि दिवसाचं तेल मोजून भरलेली एक इवलीशी बाटली. "ताई, माझ्या भाजीला एवढंच," म्हणून ती बाटली तिनं माझ्या हातात दिली. स्वतः करते म्हणत होती. मीच म्हटलं, "तू कॅनॉलवर चालून ये जा. मी करते गं."

सुरुवातीला मी अगदी तिच्या मापानं केलं. खरंच केलं. आणि तिचं वजन उतरायला लागलं. गालफडं दिसायला लागली. लग्नातला ड्रेस अंगात शिरला त्या दिवशी तिनं मला मिठी मारली. भाऊजींना फोन लावला. ते म्हणाले, अजून थोडं, दिवाळीला घेऊन जातो दोघींना.

दोघींना.

मी इशूला न्हाऊ घालत होते. हातातला तांब्या तसाच राहिला. दोघींना म्हणजे — हिला पण. मला हे आधी कळलं नव्हतं का? कळलं होतं. पण कळणं वेगळं आणि तारीख कानावर पडणं वेगळं.

आता सांगते. लांबवून काय होणार आहे?

दुसऱ्या दिवशी मी तिच्या कढईत तिची बाटली ओतली, आणि वर आमच्या डब्यातलं पळीभर तेल घातलं. तेल वर तरंगून दिसू नये म्हणून शेंगदाण्याचं कूट घालून आटवलं. चपातीची कणीक तेलात मळली. तिच्या दह्यावरची साय काढून ठेवायची असायची — ती मी काढायचे, तिला दाखवायचे, आणि परत दह्यात घुसळायचे. रोज. एकदा हात बसल्यावर विचार करायलाही लागायचं नाही. ती जेवायची, फोटो काढायची, मोबाईलमध्ये लिहायची, आणि म्हणायची, "ताई, एवढ्याशा तेलात अशी चव कशी येते तुमच्या हाताला?"

वजन थांबलं. मग चढायला लागलं. मॅडम विचारायच्या, बाहेरचं काही खाताय का? ती शपथा घ्यायची. चालणं वाढवलं, संध्याकाळीपण जायला लागली. भाकरी अर्धीची पाव केली. मी कूट वाढवलं.

बेंदराला भाऊजी आले. दारात बैलांना पुरणपोळी चारून झाली, आणि त्यांनी गाडीतून नवा वजनकाटा काढून सोप्यात ठेवला. सासरे, आत्ती, शेजारच्या दोघी बायका, सगळ्यांसमोर तिला म्हणाले, उभी राहा. ती उभी राहिली. त्यांनी वाकून आकडा दोनदा वाचला. मग म्हणाले, "फोटो एक पाठवतेस आणि खातेस भलतंच. मला येडा समजतेस काय?"

ती म्हणाली, "देवाशप्पथ, ताई देतात तेवढंच खाते."

आत्तींनी डोळे बारीक केले. "ह्या म्हयन्यात त्याल लय लवकर सरलंय. शेंगा पण. मला वाटलं उंदरं हायती." मग माझ्याकडं वळल्या. "मंगल, सैपाकघरात तूच आसतीस. खाती का गं ही चोरून?"

सगळे माझ्याकडं बघत होते. तीही बघत होती — आणि तिच्या नजरेत भीती नव्हती. तिला खात्री होती. ताई आता सांगतील, असं तिच्या तोंडावर लिहिलेलं होतं. इशू माझ्या कडेवर होती.

मी म्हटलं, "म्या डोळ्यांनी न्हाई बघितलं आत्ती. पर त्याल सरतंया खरं."

एवढंच. मी तिला चोर म्हटलं नाही. म्हणायची गरजच नव्हती. भाऊजी त्याच दिवशी पुण्याला निघून गेले. शेजारणींनी गावभर केलं. आत्तींनी डबे आपल्या खोलीत नेले, मी मागेन तेवढं काढून द्यायला लागल्या. आणि प्राजक्ता? भांडली नाही. मला एका शब्दानं बोलली नाही. दोन दिवसांनी मी परसात भांडी घासत होते, तर माझ्याजवळ येऊन बसली. राखेत बोट फिरवत राहिली.

"ताई," ती म्हणाली, "मी झोपेत उठून खात असेन का?"

मी घासणी थांबवली.

"असं होतं म्हणे माणसांना. मी वाचलं मोबाईलवर. सकाळी आठवतसुद्धा नाही. नाहीतर तेल जाईल कुठं? वजन वाढेल कसं? तुम्ही खोटं कशाला बोलाल?"

इथं मला सांगता आलं असतं. कुणी नव्हतं तिथं. ती रडलीही नसती कदाचित, नुसती सुटली असती. मी काय म्हटलं? मी म्हटलं, "आसंल बाई. काय सांगावं."

मागं वळून बघते तेव्हा तेलापेक्षा मला हे वाक्य जास्त भिववतं. तेल मी पोरीसाठी घातलं, असं म्हणता तरी येतं. हे वाक्य कशासाठी? स्वतःला वाचवण्यासाठी. आणि त्या क्षणी बरं वाटलं, हेही सांगते. आपल्यावरचं ओझं दुसऱ्याच्या डोक्यावर अलगद जाताना बघून हलकं वाटलं.

त्या दिवसापासून ती मला म्हणायला लागली, ताई, निजताना माझ्या खोलीला बाहेरनं कडी घाला. मी घालायचे. इशूला कुशीत घेऊन, एका हातानं त्या बाईच्या खोलीला कडी घालायचे, जिनं एक दाणा चोरून खाल्ला नव्हता.

तेल मी बंद केलं. भ्याले होते. पण आता उशीर झाला होता, ती जेवतच नव्हती. तिचा स्वतःवरचा विश्वासच गेला होता. काकडी, कोरा चहा, कधी पाव वाटी मूग. इशूला पाजायचं दूध आटलं. मी बाटलीनं पाजायला लागले. केस मूठमूठ निघायचे, न्हाणीच्या मोरीतून मी काढायचे. वजन मात्र भराभरा उतरत होतं, आणि आत्ती म्हणाल्या, "बघ, डबं हिकडं आणल्याव कसं उतारलं." बरोबर होतं त्यांच्या हिशेबानं. प्राजक्तालाही तेच पटलं. म्हणजे मी खरंच खात होते ताई, ती म्हणाली. मी मान खाली घालून पीठ चाळत राहिले.

एका सकाळी उसाला पाणी पाजायला निघालेल्या माणसांना ती कॅनॉलच्या कडेला पडलेली सापडली. आणखी दोन हात पलीकडं पडली असती तर पाण्यात गेली असती. इस्लामपूरला दवाखान्यात नेलं. डॉक्टर चिडले होते. अंगात रक्त नाही, क्षार नाहीत, हृदयाचे ठोके चुकतात, घरात बाईला जेवायला देत नाही का, असं त्यांनी विचारलं. आत्ती पदर तोंडाला लावून उभ्या होत्या. मी म्हणाले, "डाएट करत होती." तो माझा आवाज मला अजून ऐकू येतो. किती साधा होता.

तिचे वडील सांगलीहून आले. दवाखान्यातूनच तिला घेऊन गेले, आणि माझ्या कडेवरून इशूला घेतलं. इशू रडली. मीही रडले, आणि लोक म्हणाले, बघा, जाऊ असून किती जीव लावला.

भाऊजींनी तिला परत आणलं नाही. पुढं सोडचिठ्ठीचे कागद झाले, त्यांचं दुसरं लग्न झालं. त्या लग्नातही स्वयंपाकाचं मीच बघितलं.

गेल्या उन्हाळ्यात सांगलीला एका नात्यातल्या लग्नाला गेले होते. मागून कुणीतरी ताई म्हटलं. वळले तर प्राजक्ता. मला ओळखायला वेळ लागला. मनगट एवढंसं, बांगडी कोपरापर्यंत जाईल असं. शेजारी एक उंच मुलगी, दोन वेण्या घातलेली. ती मला परक्या बाईकडं बघतात तशी बघत होती. "ह्या तुझ्या मोठ्या आई," प्राजक्ता तिला म्हणाली, "तू ह्यांच्याकडंच झोपायचीस." मुलीनं नमस्कार केला आणि मैत्रिणींकडं पळाली.

आम्ही मांडवाच्या कडेला खुर्च्यांवर बसलो. ती शिकवण्या घेते. बरं चाललंय म्हणाली. अजून झोपेचा त्रास आहे म्हणाली — म्हणजे तसा काही त्रास झालेला नाही इतक्या वर्षांत, पण आई रोज बाहेरून कडी घालते, घातली की तिला बरं वाटतं. मग तिनं माझा हात हातात घेतला. "ताई, त्या घरात माझ्या बाजूनं तुम्ही एकट्याच होता. तुम्ही डोळ्यांनी बघितलं नाही म्हणालात. बाकी सगळे चोरच म्हणत होते."

आजूबाजूला सनई, लहान पोरांची पळापळ. मी तोंड उघडलं. खरंच उघडलं. आणि विचारलं, "जेवलीस का?"

"लग्नात मी काही खात नाही," ती म्हणाली. "तुम्ही वाढून आणलंत तर खाईन."

मी उठले. पंगतीतून तिच्यासाठी ताट वाढून आणलं. थोडा भात, वरण, एक पुरी. ती सावकाश जेवली. माझ्याकडं बघून हसली. मी शेजारी बसून तिला जेवताना बघितलं, आणि तिनं माझा नंबर घेतला, स्वतःचा दिला, मग मी संध्याकाळच्या एसटीनं घरी आले. आत्तींनी विचारलं, कोण कोण भेटलं? मी चार नावं सांगितली. तिचं नाही सांगितलं.

तिचा नंबर माझ्या मोबाईलमध्ये आहे. सणाला तिचा शुभेच्छांचा मेसेज येतो, मी हात जोडलेलं चित्र पाठवते. तिच्या जेवणात तेल मी घालत होते. तिला हे माहीत नाही. मी अजून सांगितलेलं नाही.